चपळ कुत्रीचे निर्बीजीकरण आणि शस्त्रक्रियोत्तर शुश्रूषा : एक विवेचन

गोषवारा

घरात पाळलेल्या कुत्रीचे निर्बीजीकरण ही पशुवैद्यकातील नित्याची शस्त्रक्रिया आहे. तिला लागणारा वेळ थोडा असला, तरी तिचे अंतिम यश त्यानंतरच्या दोन आठवड्यांतील घरगुती शुश्रूषेवर मोठ्या प्रमाणात अवलंबून असते. तरुण व चपळ कुत्रीच्या बाबतीत ही शुश्रूषा विशेष कठीण ठरते. कारण वेदना ओसरण्याचा काळ आणि पोटाच्या भित्तीला बळ येण्याचा काळ यांत मोठे अंतर असते. हे अंतर कसे निर्माण होते, त्या काळात हालचालींवर नियंत्रण का व कसे ठेवावे आणि सक्तीची विश्रांती प्राण्याला सुसह्य कशी करावी, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

बीजशब्द : निर्बीजीकरण, शस्त्रक्रियोत्तर शुश्रूषा, जखम भरणे, वेदनाशमन, सक्तीची विश्रांती, श्वानवर्तन.

प्रस्तावना

मानव आणि श्वान यांचे साहचर्य प्राचीन आहे. मात्र श्वानाच्या आरोग्याची जबाबदारी संपूर्ण कुटुंबाने घ्यावी, ही धारणा आपल्याकडे तुलनेने अलीकडची आहे. वाड्याच्या किंवा शेताच्या राखणीसाठी असणारा कुत्रा आज शहरांतील सदनिकांमध्ये कुटुंबाचा घटक म्हणून राहतो. केंद्र शासनाच्या २००१ सालच्या प्राणी जन्मनियंत्रणविषयक नियमांची जागा २०२३ साली नव्या नियमांनी घेतली. त्यांनुसार पाळीव प्राण्याचे जंतनिर्मूलन, लसीकरण व निर्बीजीकरण यांची जबाबदारी मालकावर येते. साहजिकच शस्त्रक्रियेनंतरच्या काळजीचा प्रश्नही आता घराघरांत उपस्थित होतो.

कुत्रीच्या निर्बीजीकरणामागे केवळ पिल्ले टाळणे हा हेतू नसतो. प्रौढ व वृद्ध कुत्रीच्या गर्भाशयात पू साठण्याचा पायोमेट्रा हा विकार जीवघेणा ठरू शकतो; गर्भाशय व अंडाशय काढल्याने त्याचा धोका जवळजवळ संपतो. स्तनांच्या गाठींविषयी मात्र अधिक सावधपणे बोलावे लागते. पहिल्या माजापूर्वी शस्त्रक्रिया केल्यास या गाठींचे प्रमाण फार कमी राहते, असे १९६९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात आढळले होते. परंतु २०१२ साली झालेल्या पद्धतशीर पुनरावलोकनात या विषयावरील उपलब्ध पुरावा दुर्बल असल्याचे मत नोंदविण्यात आले. शस्त्रक्रिया कोणत्या वयात करावी हा निर्णय जात, आकारमान व प्रकृती पाहून पशुवैद्याच्या सल्ल्याने घ्यावयाचा असतो. प्रस्तुत लेखाचा विषय त्यानंतरचा आहे. शस्त्रक्रिया यथासांग पार पडल्यावर कुत्री घरी येते आणि दोन-तीन दिवसांतच पूर्वीसारखी धावू पाहते, तेव्हा काय करावे, हा तो प्रश्न होय.

शस्त्रक्रियेचे स्वरूप

भारतात सामान्यतः अंडाशय व गर्भाशय हे दोन्ही अवयव काढण्याची पद्धत प्रचलित आहे. युरोपातील अनेक देशांत केवळ अंडाशय काढले जातात. दोन्ही पद्धतींत पूर्ण भूल द्यावी लागते. बहुधा बेंबीच्या मागील बाजूस, पोटाच्या मध्यरेषेवर छेद घेतला जातो. या ठिकाणी दोन्ही बाजूंच्या स्नायूंची आवरणे एकत्र येऊन एक पांढरी, तंतुमय पट्टी तयार झालेली असते. तेथे रक्तवाहिन्या कमी असल्याने रक्तस्राव कमी होतो. काही शस्त्रवैद्य कुशीतूनही छेद घेतात. अवयवांना रक्त पुरविणाऱ्या धमन्या दोऱ्याने घट्ट बांधून मग ते अवयव काढले जातात आणि शेवटी पोटाची भित्ती, त्वचेखालील ऊती व त्वचा असे थर क्रमाने शिवले जातात.

या वर्णनातून एक महत्त्वाची बाब स्पष्ट होते. बाहेरून दिसणारी जखम ही खऱ्या जखमेचा केवळ वरचा भाग असतो. आतड्यांचे वजन पेलणारा तंतुमय थर त्वचेखाली असतो आणि तो घरच्या कोणालाही दिसत नाही. त्वचेवरील रेघ कोरडी व स्वच्छ दिसली म्हणजे जखम बरी झाली, हा समज त्यामुळेच फसवा ठरतो.

जखम भरून येण्याची प्रक्रिया

जखम भरण्याचे स्थूलमानाने तीन टप्पे मानले जातात. पहिला टप्पा दाहाचा असून तो साधारणतः पहिले तीन ते पाच दिवस टिकतो. या काळात रक्त गोठते, पांढऱ्या पेशी जखमेत येऊन मृत ऊती व जंतू यांचा निचरा करतात. किंचित सूज व लाली येते. दुसऱ्या टप्प्यात नव्या केशवाहिन्या व कोलॅजन नावाचे तंतुमय प्रथिन तयार होऊ लागते. हा टप्पा चौथ्या-पाचव्या दिवसापासून पुढे दोन-तीन आठवडे चालतो. तिसऱ्या टप्प्यात या कोलॅजनची पुनर्रचना होऊन व्रणाला हळूहळू बळकटी येते. त्याला कित्येक महिने लागतात.

येथे काळाचे गणित लक्षात घेणे आवश्यक आहे. पोटाच्या तंतुमय थराला शस्त्रक्रियेनंतर सुमारे २० दिवसांनी मूळ बळाच्या साधारण २० टक्केच बळ प्राप्त झालेले असते. तोपर्यंत भार प्रत्यक्षात टाक्यांचा दोरा वाहत असतो. हा दोराही शरीरात विरघळणारा असतो. उदाहरणार्थ, पॉलिग्लॅक्टिन ९१० या नेहमीच्या वापरातील दोऱ्याचे बळ दोन आठवड्यांनी सुमारे ७५ टक्के, तर तीन आठवड्यांनी सुमारे ५० टक्के उरते. पॉलिडायॉक्सानोनचा दोरा अधिक काळ टिकतो. म्हणजे एकीकडे दोरा क्षीण होत असतो आणि दुसरीकडे ऊती सावकाश बळकट होत असतात. शांतपणे चालणाऱ्या प्राण्याच्या पोटावर येणारा ताण दोरा सहज पेलतो. मात्र सोफ्यावरून घेतलेली उडी, जिन्यावरील धाव किंवा दुसऱ्या कुत्र्याशी झालेली झटापट यांमुळे पोटातील दाब क्षणार्धात वाढतो. अशा वेळी ताण दोऱ्यावर, त्याच्या गाठीवर आणि दोऱ्याने धरलेल्या मऊ ऊतींवर एकवटतो. टाका तुटण्याऐवजी ऊतीच फाटून टाका सुटणे, हेही घडू शकते.

वेदनाशमन आणि चपळता यांतील विसंगती

पूर्वी प्राण्यांच्या वेदनेकडे फारसे लक्ष दिले जात नसे. वेदना झाल्या तर प्राणी आपोआप स्वस्थ पडून राहील, असा युक्तिवादही केला जाई. आज हा विचार त्याज्य मानला जातो. वेदनेमुळे भूक मंदावते, झोप नाहीशी होते, ताण वाढतो आणि जखम भरण्यासही विलंब होतो. म्हणून शस्त्रक्रियेच्या आधीपासूनच वेदनाशामके देण्याची पद्धत रूढ झाली आहे. मेलॉक्सिकॅम, कारप्रोफेन यांसारखी औषधे पुढील काही दिवस दिली जातात.

या सुधारणेचा एक अपरिहार्य परिणाम असा, की कुत्रीला बरे वाटू लागते. भुलीचा अंमल उतरतो, भूक परत येते आणि साधारणतः तिसऱ्या-चौथ्या दिवशी ती नेहमीसारखी खेळण्यास सिद्ध होते. नेमक्या याच वेळी जखम दाहाच्या टप्प्यातून जेमतेम बाहेर पडत असते. शस्त्रक्रियेचे तंत्र सुधारले म्हणजे ही विसंगती मिटते असेही नाही. १० किलोंहून कमी वजनाच्या २० कुत्र्यांवरील एक अभ्यास २००९ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाला. त्यात गळपट्ट्याला हालचालमापक बसवून निरीक्षण केले असता, उघड्या छेदाने अंडाशय काढलेल्या गटाची हालचाल पहिल्या दोन दिवसांत सुमारे ६२ टक्क्यांनी घटली. दुर्बिणीद्वारे शस्त्रक्रिया केलेल्या गटात ही घट सुमारे २५ टक्केच होती. कमी वेदना ही निश्चितच इष्ट गोष्ट आहे. परंतु वेदना जितकी कमी, तितकी प्राण्याची स्वतःहून घेतलेली विश्रांतीही कमी, हे या निष्कर्षातून सूचित होते. वेदना जे बंधन घालत असे, ते आता घरातील माणसांनी विचारपूर्वक घालावयाचे आहे. चपळ कुत्रीच्या शुश्रूषेचे मर्म यातच आहे.

शस्त्रक्रियेपूर्वीची सिद्धता

शुश्रूषेची तयारी शस्त्रक्रियेच्या दोन आठवडे आधी सुरू करणे श्रेयस्कर ठरते. पिंजऱ्यात किंवा ठरावीक कोपऱ्यात शांत बसण्याची सवय कुत्रीला निरोगी अवस्थेतच लावावी. तेथे तिला खाऊ द्यावा, दार उघडे ठेवावे आणि मग बंद ठेवण्याचा वेळ थोडा थोडा वाढवावा. गळ्याभोवतीच्या शंकूची ओळखही याच काळात करून द्यावी. शस्त्रक्रियेच्या दिवशी बंदिवास, शंकू, वेदना व अपरिचित वास या सर्व गोष्टी एकाच वेळी समोर आल्या, तर कोणताही प्राणी बिथरणे स्वाभाविक आहे.

दिवसाची निवडही विचारपूर्वक करावी. माजाच्या काळात प्रजननेंद्रियांच्या रक्तवाहिन्या फुगलेल्या असतात. म्हणून सामान्यतः माज संपल्यानंतर दोन-तीन महिन्यांनी शस्त्रक्रिया सुचविली जाते. महाराष्ट्रातील घरांच्या दृष्टीने सणवारांचाही विचार आवश्यक आहे. दिवाळीतील फटाके किंवा गणेश विसर्जनातील ढोलताशे यांनी घाबरलेली कुत्री कोणतेही बंधन जुमानत नाही. घरात लग्नकार्य किंवा पाहुण्यांची वर्दळ असताना शस्त्रक्रिया टाळावी. पहिले तीन दिवस तरी घरात एक जबाबदार व्यक्ती पूर्णवेळ असावी.

जातीविषयीची माहिती पशुवैद्याला आवर्जून द्यावी. कारवानी, मुधोळ व तत्सम शिकारी कुत्री सडपातळ असतात. त्यांच्या अंगात चरबी अत्यल्प असते. त्यांच्याच वर्गातील ग्रेहाउंडमध्ये थायोपेंटोनसारख्या भुलीच्या औषधातून जाग येण्यास बराच विलंब होतो, हे दीर्घकाळ ज्ञात आहे. अशा कुत्रीसाठी भुलीचे औषध व घरी सोडण्याची वेळ यांबाबत आधीच चर्चा होणे हिताचे असते.

पहिले २४ तास

घरी आल्यावर पहिल्या रात्री कुत्री सुस्त असते, अडखळत चालते आणि क्वचित कण्हते. हे कण्हणे नेहमीच वेदनेचे असते असे नाही. भुलीच्या औषधांमुळे येणारा संभ्रमही त्यास कारणीभूत असतो. भुलीच्या वेळी श्वासनलिकेत घातलेल्या नळीमुळे एक-दोन दिवस हलका खोकला येऊ शकतो. या रात्री तिला दिवाण, पलंग किंवा जिना यांपासून दूर, जमिनीवरच झोपवावे. गुळगुळीत फरशीवर पाय घसरून पोटावर ताण येतो. म्हणून सतरंजी किंवा न सरकणारी चटई अंथरावी. भुलीनंतर शरीराचे तापमान उतरते, तेव्हा अंगावर हलके पांघरूण घालावे. मात्र गरम पाण्याची पिशवी थेट अंगाला लावू नये. अर्धवट शुद्धीतील प्राणी चटका बसला तरी बाजूला होत नाही.

पाणी थोडे थोडे द्यावे. संध्याकाळी कुत्री पूर्ण सावध असेल, तर नेहमीच्या आहाराचा चौथा ते अर्धा हिस्सा द्यावा. एखादी उलटी झाल्यास घाबरण्याचे कारण नसते. वारंवार झाल्यास मात्र पशुवैद्याला कळवावे. दर काही तासांनी हिरड्यांचा रंग पाहावा. निरोगी हिरड्या गुलाबी असतात आणि बोटाने दाबून सोडल्यावर दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी होतात. बांधलेल्या धमनीची गाठ सैल झाल्यास होणारा अंतर्गत रक्तस्राव बहुधा पहिल्या एक-दोन दिवसांतच प्रकट होतो. म्हणून हे साधे निरीक्षण अत्यंत मोलाचे आहे.

हालचालींवरील नियंत्रण

सर्वसाधारणपणे १० ते १४ दिवस धावणे, उडी मारणे, जिना चढणे-उतरणे, इतर कुत्र्यांशी खेळणे आणि अंघोळ ही पूर्णतः वर्ज्य असतात. याचा अर्थ प्राण्याने अजिबात हलू नये असा नाही. दिवसातून चार-पाच वेळा, प्रत्येकी पाच ते दहा मिनिटे, आखूड पट्ट्यावर संथपणे चालविणे इष्टच असते. त्यामुळे रक्ताभिसरण व आतड्यांची हालचाल सुधारते. लांबणारा पट्टा या काळात वापरू नये. कुंपण असलेल्या अंगणातही कुत्रीला मोकळे सोडू नये. मांजर किंवा खार दिसताच घेतलेली एक झेप सर्व परिश्रम वाया घालवू शकते.

घरातील विश्रांतिस्थान असे असावे, की कुत्रीला त्यात उभे राहता, वळता व पाय पसरून झोपता येईल. परंतु धाव घेता येणार नाही. पिंजरा नसल्यास दिवाणखान्याचा एक कोपरा जाळीने अडवून घ्यावा. कुत्रीला एकटीला बांधून ठेवणे हा सुरक्षित पर्याय नव्हे. साखळी पायांत किंवा शंकूभोवती अडकते आणि हिसके बसून पोटावर ताण येतो. विश्रांतिस्थान कुटुंबाच्या वावरापासून फार दूर नसावे, कारण एकटेपणामुळे अस्वस्थता वाढते. मात्र मुख्य दारासमोरही ते नसावे. दारावरची घंटा वाजताच उसळणारी कुत्री हे नित्याचे दृश्य आहे. दोन आठवडे घंटा बंद ठेवून दारावर सूचना लावणे, हा उपाय क्षुल्लक वाटला तरी परिणामकारक ठरतो.

उद्वाहन नसलेल्या इमारतीत जिन्याचा प्रश्न निर्माण होतो. कुत्री उचलण्याजोगी असेल, तर एक हात छातीच्या पुढून व दुसरा मांड्यांच्या मागून घेऊन तिला उचलावे. पोटाखाली हात घालू नये. मोठ्या कुत्रीच्या बाबतीत छातीचा पट्टा वापरून, एकेक पायरी, सावकाश उतरवावे आणि फेऱ्यांची संख्या आवश्यक तेवढीच ठेवावी. घरात दुसरा कुत्रा असल्यास दोघांना वेगळे ठेवावे. माजाच्या आसपास शस्त्रक्रिया झाली असेल, तर नर कुत्र्यांना तिचे आकर्षण आणखी काही आठवडे वाटू शकते, हेही ध्यानात ठेवावे.

शरीराऐवजी बुद्धीचा व्यायाम

केवळ कोंडून ठेवणे म्हणजे विश्रांती नव्हे. रोज तासभर धावणाऱ्या कुत्रीला अचानक एका कोपऱ्यात ठेवले, की तिची साठलेली ऊर्जा भुंकणे, खरवडणे, जाळी चावणे अशा मार्गांनी बाहेर पडते आणि त्यातूनच जखमेला इजा पोहोचते. म्हणून वगळलेल्या शारीरिक श्रमांच्या जागी बौद्धिक व्याप देणे आवश्यक ठरते.

श्वानाची घ्राणशक्ती हे त्याचे प्रमुख ज्ञानसाधन आहे. शार्लोट ड्युरांटन व अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात कुत्र्यांच्या एका गटाला दोन आठवडे वास घेऊन शोधण्याचा सराव दिला, तर दुसऱ्या गटाला मालकाच्या पायाशी शिस्तीत चालण्याचा. पहिल्या गटातील कुत्री अनिश्चित परिस्थितीला अधिक आशावादी प्रतिसाद देऊ लागली. तो अभ्यास शस्त्रक्रियेनंतरच्या प्राण्यांवर नव्हता. तरीही हुंगण्याची मुभा मिळणे प्राण्याच्या मनःस्थितीस उपकारक असते, हे त्यावरून लक्षात येते.

प्रत्यक्षात याचे उपाय साधे आहेत. रोजचा आहार ताटलीत एकदम न देता जाड टॉवेलच्या घड्यांत दडवून द्यावा. पोळीचे तुकडे कागदी पुड्यांत गुंडाळून शोधावयास द्यावेत. कुत्री कागद गिळणारी असल्यास हा खेळ टाळावा. रबराच्या पोकळ खेळण्यात भिजवलेले खाद्य भरून ते गोठवून दिल्यास अर्धा-पाऊण तास जातो. बाहेर नेल्यावर अंतर कापण्याची घाई न करता एकाच झाडाशी मनसोक्त हुंगू द्यावे. तळहाताला नाक लावणे, हनुवटी मांडीवर टेकवून स्थिर राहणे, चटईवर शांत पडून राहणे अशा संथ क्रिया शिकवाव्यात. पाच-दहा मिनिटांचे असे पाठ दिवसातून तीन-चार वेळा घ्यावेत. चेंडू फेकणे, दोरी ओढणे हे उत्तेजक खेळ मात्र पूर्णपणे टाळावेत. खाऊचे प्रमाण रोजच्या आहारातूनच वजा करावे.

इतके करूनही कुत्री आवरत नसेल, तर पशुवैद्य ट्रॅझोडोन किंवा गाबापेंटिनसारखे शामक औषध देऊ शकतात. या औषधांची मर्यादाही जाणून घेतली पाहिजे. अस्थिशस्त्रक्रियेनंतरच्या बंदिस्त काळात ट्रॅझोडोन उपयुक्त ठरल्याचा अनुभव २०१४ साली अमेरिकी संशोधकांनी नोंदविला. परंतु २०१७ साली त्यांच्याच पुढील नियंत्रित चाचणीत औषध व निष्क्रिय गोळी यांच्या परिणामांत लक्षणीय फरक दिसला नाही. यावरून औषध निरुपयोगी आहे असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. तथापि दिनक्रम व परिसर यांच्या नियोजनाची जागा केवळ गोळी घेऊ शकत नाही, एवढे निश्चित म्हणता येईल.

जखमेची देखभाल

कुत्र्याची लाळ जखम बरी करते, हा समज सर्वत्र आढळतो. वास्तविक चाटण्याने जखम ओलसर राहते, तोंडातील जंतू आत शिरतात आणि दातांनी टाके निघतात. काही मिनिटांच्या दुर्लक्षातही हे घडू शकते. म्हणून शंकू आवश्यक असतो. सोळाव्या शतकातील इंग्लंडमधील चुणीदार गळपट्ट्यांच्या साम्यावरून त्याला एलिझाबेथन कॉलर असे नाव पडले. शंकूची कड नाकाच्या टोकाच्या थोडी पुढे गेली पाहिजे, अन्यथा त्याचा उपयोग होत नाही. शंकू सहन न होणाऱ्या कुत्रीसाठी अंगभर घालावयाचा सुती पोशाख हा पर्याय आहे. मात्र तो घामट किंवा ओला राहता कामा नये आणि त्याखालील जखम रोज पाहिली गेली पाहिजे.

जखम दिवसातून दोनदा चांगल्या उजेडात पाहावी. रोज एक छायाचित्र घेतल्यास फरक चटकन कळतो. कडा जुळलेल्या असणे, किंचित लाली व पहिल्या दिवशी एखाद-दुसरा रक्ताचा थेंब हे स्वाभाविक आहे. सल्ल्यावाचून हळद, तेल, राख, स्पिरिट किंवा हायड्रोजन पेरॉक्साइड जखमेला लावू नये. पावसाळ्यात बाहेरून आल्यावर पाय व पोटाची बाजू कोरड्या कापडाने टिपावी आणि अंथरूण रोज बदलावे. त्वचेचे टाके काढावयाचे असल्यास ते सामान्यतः १० ते १४ दिवसांनी काढले जातात.

अति हालचालीमुळे कधीकधी छेदाखाली पाण्यासारखा द्रव साठून मऊ गाठ येते. तिला सेरोमा म्हणतात. ती बहुधा विश्रांतीने आपोआप जिरते. परंतु आतला थर उसवून पोटातील चरबी वा आतडे त्वचेखाली उतरले असल्यासही बाहेरून तशीच गाठ दिसू शकते. हा भेद घरी करता येत नाही. म्हणून कोणतीही नवी गाठ न दाबता पशुवैद्याला दाखवावी.

औषधे आणि आहार

वेदनाशामक औषध ठरलेल्या मात्रेत, ठरलेल्या वेळी व सामान्यतः अन्नासोबत द्यावे. कुत्री टवटवीत दिसते म्हणून स्वतःच्या मताने ते बंद करू नये आणि ती कण्हते म्हणून मात्रा वाढवू नये. माणसांसाठी घरात असलेली आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, पॅरासिटामॉल यांसारखी औषधे पशुवैद्याच्या आदेशाशिवाय कदापि देऊ नयेत. त्यांमुळे जठरात व्रण होणे, मूत्रपिंड अथवा यकृत निकामी होणे असे गंभीर परिणाम होऊ शकतात. वेदनाशामक सुरू असताना उलट्या, काळी विष्ठा किंवा अन्नावरील वासना उडणे दिसल्यास पुढील मात्रा देण्यापूर्वी पशुवैद्याशी बोलावे.

शौचास एक-दोन दिवस उशीर होणे स्वाभाविक आहे. हाडे मात्र देऊ नयेत. त्यांमुळे बद्धकोष्ठ होऊन कुंथावे लागते व पोटावर ताण येतो. पहिल्या दोन दिवसांत वरणाचे निवळ पाणी व मऊ भात असा हलका आहार देण्याची पद्धत घरोघरी आहे. त्यात कांदा, लसूण व मसाला नसावा. कांदा-लसूण कुत्र्याच्या तांबड्या पेशींना अपायकारक असतात. निर्बीजीकरणानंतर शरीराची ऊर्जेची गरज घटते आणि भूक मात्र वाढू शकते. त्यामुळे जखम भरून आल्यानंतर आहार साधारणतः २० ते ३० टक्क्यांनी कमी करण्याचा सल्ला दिला जातो. दर महिन्याला वजन करून हे प्रमाण ठरविणे सर्वांत योग्य होय.

तातडीने पशुवैद्याकडे जावे अशी लक्षणे

१. हिरड्या फिकट वा पांढुरक्या पडणे, पाय थंड लागणे, पोट फुगणे, उठण्याची शक्ती नसणे. ही अंतर्गत रक्तस्रावाची लक्षणे असू शकतात व यात विलंब प्राणघातक ठरतो.
२. जखमेच्या कडा उघडणे किंवा आतील भाग बाहेर दिसणे. अशा वेळी तो भाग आत ढकलू नये. स्वच्छ, ओलसर कापडाने झाकावा, कुत्रीला चाटू देऊ नये आणि तत्काळ रुग्णालय गाठावे.
३. जखमेतून पू, दुर्गंधी अथवा सतत रक्त येणे. लाली व उष्णता दिवसेंदिवस वाढणे.
४. ताप. कुत्र्याचे स्वाभाविक तापमान साधारणतः १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असते. १०३ च्या वर गेल्यास कळवावे.
५. २४ तासांनंतरही अन्न-पाण्याला तोंड न लावणे, वारंवार उलट्या होणे, लघवी न होणे.

पूर्ववत दिनक्रमाकडे

टाके निघाले म्हणजे सर्व बंधने संपली असे समजणे चुकीचे आहे. आधी नमूद केलेले दोऱ्याचे व ऊतींचे गणित पाहता, दोन आठवड्यांनंतरचा काळही संयमाचाच असतो. पशुवैद्याने जखम तपासून अनुमती दिल्यानंतर तिसऱ्या आठवड्यात पट्ट्यावरील फेरीचा वेळ हळूहळू वाढवावा. मोकळे धावणे, उंच उड्या, पोहणे आणि इतर कुत्र्यांशी दंगामस्ती यांना चौथ्या आठवड्याच्या सुमारास टप्प्याटप्प्याने आरंभ करावा. महिनाभराच्या विश्रांतीने स्नायू शिथिल झालेले असतात, म्हणून पहिल्याच दिवशी जुने अंतर गाठण्याचा आग्रह नसावा.

निष्कर्ष

निर्बीजीकरणानंतरच्या शुश्रूषेचा प्रश्न वरवर पाहता किरकोळ वाटतो. प्रत्यक्षात तो वेदना, बळ व काळ यांच्यातील विषम संबंधाचा प्रश्न आहे. वेदना काही दिवसांत ओसरते, त्वचा दोन आठवड्यांत जुळते आणि पोटाच्या भित्तीला बळ येण्यास त्याहून कितीतरी अधिक अवधी लागतो. माणूस रुग्ण असेल, तर त्याला हे समजावून सांगता येते व तो स्वतः पथ्य पाळू शकतो. कुत्रीला ते सांगता येत नाही. तिच्या वतीने कुटुंबालाच पथ्य पाळावे लागते. म्हणून शस्त्रक्रियेची तारीख ठरविताना पशुवैद्याच्या सोयीइतकाच स्वतःच्या दोन आठवड्यांच्या उपलब्धतेचाही विचार झाला पाहिजे. पशुवैद्यांनीही कुत्रीला घरी पाठविताना औषधांच्या यादीसोबत हालचाल, खेळ व धोक्याची लक्षणे यांविषयी मराठीतून लेखी सूचना दिल्यास कुटुंबांना मोठे साहाय्य होईल. तिसऱ्या दिवशी शेपटी हलवीत दारापाशी उभी राहणारी कुत्री बरी वाटत असली, तरी ती अद्याप बरी झालेली नसते. हा भेद घरातील प्रत्येकाने, विशेषतः लहान मुलांनी, समजून घेतला, तर शस्त्रक्रियेनंतरच्या बऱ्याच गुंतागुंती टाळता येतील.